चेतना बँकॉकला निघाली तेव्हा

बस. बॅग राहू दे काट्यावर, वजन नंतर बघू.
कटाईची माणसं चारपर्यंत येत नाहीत,
तोवर मला ठाऊक आहे तेवढं सांगून टाकतो.
सहाच दिवस पाहिलं मी ते शहर. रोपांच्या कंपनीनं नेलं होतं
आम्हा अकरा जणांना, सावदा, चिनावल, न्हावी, निंभोरा,
आणि पंढरी फिरकेच्या पिशवीत ज्वारीचे बिबडे,
जे तिथल्या विमानतळावर एका मुलीनं
एकेक करून उजेडाला धरून पाहिले.

तर, ते शहर संपत नाही.
आपलं फैजपूर संपतं, मग केळी लागतात, मग यावल.
तिथं मध्ये केळी लागत नाहीत.
तू खिडकीत बसून वाट बघशील, आता मोकळं रान येईल.
पूल येईल. पुलावर पूल,
त्याच्यावरून गाडी, पत्र्यांवरून वानरं जावीत तशी.

गल्लीला तिथं सोय म्हणतात.
हसू नको. आपल्याकडं गल्ली असते, सोय नसते.
रस्त्याच्या एका अंगाला एकी नंबरच्या सोयी, दुसऱ्या अंगाला बेकी,
पण एकवीसच्या समोर बावीस असेल असं धरून चालू नको.
बावीस कुठंतरी लांब, आपल्या मर्जीनं.
मी धरून चाललो.

नदीवर होड्या चालतात, एसटीसारख्या.
नारिंगी झेंडा बघून चढ.
एक जागा भिक्खूंसाठी असते, तिथं बसू नको.
मी बसलो होतो. कुणी रागावलं नाही,
सगळे नुसते पाण्याकडं बघू लागले.
त्यापेक्षा शिवी बरी.

उन्हाचं तुला काय सांगू,
सत्तेचाळीसात भुसावळला क्लासला जायचीस स्कूटीवर.
पण आपलं ऊन मारतं आणि मोकळं करतं.
ते ओलं आहे. ते बसून राहतं,
उठतो उठतो म्हणणाऱ्या व्याह्यासारखं.

पाचव्या दिवशी कॅमेऱ्याचे सेल आणायला म्हणून खाली उतरलो.
चार तास.
हॉटेलचं कार्ड खोलीत. तू दोन ठेव, एक बुटात ठेव.
वायरींचे भारे डोक्यावर, खाली प्लास्टिकची स्टुलं,
प्रत्येक वळणावर तेच निळं दुकान, तेच मांजर,
आणि मी एवढा काटा-माप करणारा माणूस,
मला उत्तर कुठली ते कळेना. तिथं सातपुडा नाही ना.

मग वास आला.
एक बाई कोळशावर केळी भाजत होती.
आखूड, जाडी, पिवळी; अशी फणी आपण मालातून काढून
ढोरांपुढं टाकतो.
चेतना, आपण पिढ्यान् पिढ्या वांगं भाजलं,
काड्यांवर, तुराट्यांवर, शेताच्या बांधावर,
भोवती हजार झाडं केळीची उभी,
कुणाला सुचलं नाही.
तीन खाल्ली. वरचा थर किंचित कडक, आत आंबूस.
पैसे द्यायला गेलो तर पाकिटात नुसते आपले रुपये.
तिनं हात हलवला. काय म्हणाली कळलं नाही.
गाडी तशीच धुमसत ठेवून
मोठ्या रस्त्यापर्यंत आली माझ्यासोबत,
आणि एका रिक्षावाल्याशी माझ्यावरून भांडली.

ही वीसची नोट. पासपोर्टच्या कव्हरात होती,
हॉटेलात गेल्यावर सापडली.
सोय अडतीस होती की अठ्ठेचाळीस, बेकी होती हे नक्की.
ती नसेल. चौदा वर्षं झाली.
नसली तर जी कुणी भाजत असेल तिला दे,
आणि सांगू नको काही, सांगता येणार नाही.

हो, फोनमध्ये नकाशा असतो. माहीत आहे मला.

आण, बघू आता काटा.
बावीस किलो सहाशे.
अडीच किलो जास्त.
बिबडे काढू नको, तो जाडा स्वेटर काढ,
कुणी घालायला सांगितला तो तुला, तुझ्या आईनं?